सोलापूरची जुनी दफनभूमी, माजलेला झाडोरा आणि साधा कॅमेरा

सांजवारा
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर नणंदेकडे सोलापूरला चार दिवस राहून आले. सिद्धेश्वर, भुईकोट किल्ला, कंबर तलाव हे सगळं पूर्वी पाहिलेलं. म्हणून एका सकाळी नणंदेच्या मुलाला सोबत घेऊन जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेले. रिक्षातून जाताना भिंतीवरून डोकावणारा एक दगडी क्रूस दिसायचा, तो मनात बसला होता.

आत पाऊल टाकलं आणि थबकलेच. वेड्या बाभळीचं रान, कमरेएवढं गाजर गवत, मध्ये घाणेरी. पायवाट म्हणावी तर शेळ्यांची. आणि त्या सगळ्यात बुडालेल्या कबरी. काही काळ्या पाषाणाच्या, काही संगमरवरी. एका कबरीच्या पोटातून कडुनिंब उगवलाय आणि त्याच्या बुंध्याने वरची शिळा तिरकी उचलून धरलीय. एक अगदी छोटी कबर होती, आपल्या पाटाएवढी. तिच्यावर चार ओळी कोरलेल्या दिसत होत्या, पण वाचता येईनात. बोट फिरवून पाहिलं तर अक्षरं बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती.

माझ्याकडे बाबांनी दिलेला ८ मेगापिक्सेलचा छोटा डिजिकॅम आहे, बारा-तेरा वर्षं जुना. मोबाईलपेक्षा त्यावर माझा हात बसलाय. सकाळचं कोवळं ऊन फोटोला चांगलं म्हणून मुद्दाम साडेआठला गेले होते. चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन पाहते तर सगळे सपाट. काळे दगड करडे, पांढरे दगडही करडे, आणि त्या छोट्या कबरीवरचं एक अक्षर लागत नाही.

तर विचारायचं असं की साध्या कॅमेऱ्याने अशा जागेचे नीट फोटो कसे काढावेत? झाडोरा थोडा बाजूला करावा का? आणि मुळात तिथे कॅमेरा घेऊन जाणं बरोबर आहे का, हेही मनात येत राहिलंय. आत असताना सारखं वाटत होतं, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

कडकभाकरी
आमच्या गावात येऊन चादर, शेंगाचटणी सोडून दफनभूमी बघितलीत, तुम्ही पहिल्याच ओ ताई! लहानपणी आमी तिथं पतंग पकडायला जात होतो. लै भ्यायचो. सांजच्याला आई हाक मारायची, "कुठं बोंबलत फिरलालास बे", की एका दमात घर. फोटो टाका की हितं, बघू तरी आता कसं झालंय.

वाटसरू
विषय फार जवळचा आहे. वाचतोय.

तीनपायी
कॅमेऱ्याला दोष देऊ नका. ८ मेगापिक्सेल या कामाला भरपूर झाले. तुमचे फोटो सपाट आले ते उजेडाच्या दिशेमुळे.

ख्रिस्ती रिवाजात मृताला साधारण पूर्व-पश्चिम पुरतात. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडे. त्यामुळे जुन्या दफनभूमीत उभ्या शिळांचं कोरीव तोंड बऱ्याचदा पूर्वेकडे असतं. तुम्ही साडेआठला गेलात, तेव्हा सूर्य बरोबर तुमच्या पाठीशी आणि शिळेच्या समोर. कोरलेल्या अक्षराच्या खाचेत सावलीच पडली नाही, मग अक्षर दिसणार कुठून?

अक्षर वाचायचं तर ऊन दगडाच्या अंगाला घासून गेलं पाहिजे. पूर्वाभिमुख शिळेवर ते दुपारी बाराच्या सुमारास घडतं, आणि थंडीत जास्त छान. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर. शिळेकडे तोंड करून उभ्या राहिलात की ऊन डावीकडून, वरून, तिरपं येतं आणि प्रत्येक अक्षराला एक कड काळी, एक कड उजळ मिळते. सोलापुरात तेव्हा सूर्य ऐन दक्षिणेला येतो तो बारा पंचविसाच्या आसपास. त्याच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं तुमची. त्यानंतर सूर्य शिळेच्या मागे जातो आणि कोरीव तोंड सावलीत.

थोडक्यात, बाकी सगळ्या फोटोंना जी वेळ वाईट, तीच इथे उत्तम.

मालदांडी
तीनपायी, मग मे महिन्यात काय? सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर आणि दुपारी पायाखाली सावलीसुद्धा नाही.

तीनपायी
मालदांडी, मे मधली गंमत वेगळी आहे. १० मेच्या आसपास सोलापुरात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवशी उभ्या शिळेवर ऊन वरून खाली सरळ घासत येतं. आडव्या रेघा, वेलांट्या, शिरोरेषा फार सुंदर उठतात. जमिनीवर आडव्या टाकलेल्या शिळा मात्र तेव्हा पार सपाट दिसतात. त्या आडव्या शिळांना सकाळी सात किंवा संध्याकाळी साडेपाचचं ऊन हवं. तेव्हा उभ्या शिळांसाठी एक वेळ आणि आडव्यांसाठी दुसरी, असं समजून जावं.

शब्दवेडी
पण सगळं अक्षर वाचण्यासाठीच का काढायचं? मला तो कडुनिंब दिसतोय डोळ्यांसमोर. शिळा उचलून धरलेला कडुनिंब! धुक्यातली सकाळ, कृष्णधवल, अक्षरं अस्पष्ट, तोच फोटो. अशा जागेचा जो भाव आहे तो भर दुपारच्या उन्हात मरून जातो. सांजवारा, तुम्ही सकाळीच जा आणि जे दिसतं तेच टिपा.

दगडफूल
भावाचा फोटो जरूर काढावा, शब्दवेडी. पण कडुनिंब पुढच्या दहा वर्षांतही तिथेच असेल, अक्षरं असतील याची खात्री नाही. माझं काम दगडांशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोलापूरचा स्थानिक दगड म्हणजे आपला दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. चिवट असतो. त्यावर खोल कोरलेलं अक्षर दीडशे वर्षं सहज टिकतं. संगमरवराचं तसं नाही. पावसाच्या पाण्यातल्या किंचित आम्लानेही तो विरघळतो. पृष्ठभाग आधी साखरेसारखा खरखरीत होतो, मग अक्षरांच्या कडा बोथट होतात, शेवटी उरतो तो नुसता हाताला लागणारा उंचसखलपणा. सांजवारांनी लिहिलंय ना, बोटाला लागतं पण डोळ्यांना दिसत नाही? ती ही पायरी. त्या छोट्या कबरीची शिळा संगमरवरी असणार.

काही शिळांवर अक्षरांच्या खाचेत शिसं बसवलेलं असायचं. ते उपटून नेलेलं असतं आणि मागे राहतात ओळीने बारीक भोकं. ती भोकंसुद्धा वाचता येतात. तिरप्या उन्हात फोटो काढा, मग घरी बसून भोकं जोडत जायचं, लहानपणी ठिपके जोडून चित्र करायचो तसं.

आता कळकळीने सांगतो, काय करू नये ते. अक्षर उठावं म्हणून खडू घासू नका, पीठ चोळू नका, दाढीचा फेस तर अजिबात नको. इंटरनेटवर हे सगळे उपाय फिरतात. फेसातली आम्लं दगडाच्या छिद्रांत राहतात, पिठाने मुंग्या आणि बुरशी येते, खडूने मऊ झालेला संगमरवर खरवडला जातो. तारेचा ब्रश, ॲसिड, धुण्याची पावडर, काही नको. फार तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तोही दगड घट्ट असेल तरच. पापुद्रे सुटत असतील तर हातही लावू नका.

आणि दगडफूल खरवडू नका. माझ्या आयडीमुळे म्हणत नाही. ते दगडाच्या आत तंतू घालून बसलेलं असतं, ओढलं की कणांसकट निघतं.

गिरणीचा भोंगा
मला एक प्रश्न पडतो तो स्पष्ट विचारतो, राग मानू नका. सोलापुरात १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने पेशव्यांच्या फौजेला हरवून किल्ला घेतला. १९३० च्या मे मध्ये याच गावावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आपण ज्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो तिचं नाव या चौघांमुळे आहे. माझे आजोबा जुन्या गिरणीत होते, मार्शल लॉच्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकल्यात. गांधी टोपी घातली म्हणून मार खाल्लेली माणसं त्यांनी पाहिली होती. मग गोऱ्या साहेबांच्या कबरींसाठी एवढी तळमळ का?

मालदांडी
भोंगा, प्रश्न रास्त आहे. पण तिथे सगळे साहेबच असतील असं नाही ना.

शेवंती
इथे सहसा फक्त वाचत असते. आज लिहावंच लागेल.

माझी पणजी त्या दफनभूमीत आहे. आम्ही सोलापूरचे मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला नगरला, आणि पुढे सोलापूर भागात. माझी पणजी मिशनच्या शाळेत मास्तरीण होती. नऊवारी नेसायची, कपाळाला कुंकू नाही, पण अंबाडा आणि अंबाड्यात शेवंती. माझा आयडी त्यावरून. तिच्या शिळेवर नाव मराठीत आहे, बालबोध लिपीत, काळ्या पाषाणावर.

भोंगादादा, तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. तिथे गोरे अधिकारी आहेत, खरं आहे. पण मिशनऱ्यांची मुलं आहेत, रेल्वेत काम करणारे आहेत, आणि आमची माणसं आहेत. दुष्काळात गेलेली, पटकीने गेलेली, प्लेगात गेलेली. प्लेगाने आजार बघताना मराठी की इंग्रज असं पाहिलं नाही. एका भिंतीच्या आत सगळे झोपलेत.

सांजवारा, तुम्ही विचारलंत की तिथे कॅमेरा नेणं बरोबर का. माझं उत्तर, जरूर न्या. पण फाटकाजवळ जे काका राहतात त्यांना आधी भेटा, आपण कोण, कुठून आलो, कशासाठी, ते सांगा. त्यांना पैसे दिलेले आवडत नाहीत, चहा आवडतो. आणि ज्या कबरी नव्या आहेत, ज्यांच्यावर फुलं ताजी आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. घरच्यांचं दुःख अजून ओलं असतं.

आमच्या घरची मंडळी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तिथे जातात. आदल्या रविवारी कोयता-खुरपं घेऊन आपापल्या कबरीभोवतीचं गवत काढतो. पण ज्यांचं आता कुणी गावात उरलं नाही त्यांच्या कबरी तशाच राहतात. झाडोरा तिथूनच वाढत येतो.

सांजवारा
शेवंतीताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. मी त्या काकांना न भेटताच आत गेले होते. फाटक उघडं होतं म्हणून गेले. पुढच्या वेळी असं होणार नाही.

तुमच्या पणजींची शिळा कुठल्या बाजूला आहे ते चालत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नीट फोटो काढून पाठवेन.

वाटसरू
भोंगा यांच्या प्रश्नावर एक सोलापूरचीच गोष्ट आठवली.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१० चा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. युद्धाच्या धामधुमीत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय अवघं ३२. त्यांची समाधी शिजाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. एप्रिलच्या सुरुवातीला चिनी लोकांचा पूर्वजांच्या कबरी झाडून फुलं वाहण्याचा सण असतो, तेव्हा आपल्या कोटणीसांच्या समाधीवरही फुलं येतात. सोलापूरच्या पोराची कबर तिथली माणसं झाडतात, इतकी वर्षं. सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक पाहताना मला हे नेहमी आठवतं.

परक्या मातीत निजलेला माणूस कुणाचा, याचं उत्तर मला त्या गोष्टीत मिळालं.

गिरणीचा भोंगा
वाटसरू, कोटणीसांचं स्मारक माझ्या रोजच्या वाटेवर आहे. कबर झाडण्याची गोष्ट माहीत नव्हती.

शेवंतीताई, मी अधिकाऱ्यांच्या कबरींबद्दल बोललो होतो आणि त्याबद्दल माझं मत तेच आहे. पण लहान मुलांची आणि आपल्या माणसांची गोष्ट वेगळी, ते मान्य. पाटाएवढ्या कबरीचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

उतारा
मला जुन्या नोंदी धुंडाळायचा नाद आहे, म्हणून थोडी भर. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला इंडिया ऑफिसकडे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याकडे, जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी इंग्लंडमध्ये १९७६ पासून एक संस्था काम करते, तिनेही पुष्कळ गावांतल्या शिळांची नोंद घेतली आहे. म्हणजे गोऱ्यांची नावं कुठे ना कुठे कागदावर सापडू शकतात.

शेवंतीताईंच्या पणजींसारख्या माणसांचं काय? स्थानिक चर्चच्या वह्या वाळवीने आणि पावसाने वाचवल्या तर वाचवल्या. मराठी शिळेवरचं नाव हाच बऱ्याचदा एकमेव कागद असतो. म्हणून माझी विनंती, आधी मराठी अक्षरांच्या शिळांचे फोटो काढा. संगमरवरी देवदूत नंतर.

फोटो काढताना क्रम ठेवा. आधी पूर्ण कबर आणि आजूबाजूची खूण, झाड, भिंत, जे असेल ते. मग शिळा समोरून, कॅमेरा शिळेला समांतर धरून. मग मजकूर जवळून, दोन-तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यात आधीची एक ओळ परत आली पाहिजे. शेवटी तळाशी बघा, कधी कधी शिळा घडवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलेलं असतं. आणि तिथल्या तिथे वहीत लिहा, फोटो क्रमांक अमुक, भिंतीपासून तिसरी ओळ. घरी गेल्यावर सगळ्या कबरी सारख्या वाटायला लागतात.

घोरपड
कुणीच सापांचं बोललं नाही अजून! माजलेलं गवत, भेगाळलेले चौथरे, उंदीर, सरडे. सापाला याहून चांगलं घर नाही. सोलापूरच्या माळाला घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. थंडीत सकाळी ती उन्हाला दगडावर येऊन पडतात. घोणस तर वाळलेल्या पानांत असली की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

चपला, सँडल घालून जाऊ नका. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि जाड पँट. हातात काठी, दोन पावलं टाकायच्या आधी जमिनीवर आपटायची. कबरीच्या कडेला हात टेकून वाकायचं नाही, भेगेत हात घालायचा नाही. फोटोच्या नादात माणूस मागे मागे सरकत जातो आणि मागे काय आहे ते बघत नाही, तेवढं टाळा. काही झालंच तर मंत्र-तंत्र न करता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

गाजर गवताचंही तेच. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज सगळीकडे आहे. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमा उसळतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि नाकाला रुमाल बांधा.

कडकभाकरी
घोरपडभाऊ, आमी तिथं अनवाणी पतंगामागं पळत होतो ओ. देवानं राखलं म्हणायचं. आत्ता अंगावर काटा आला.

शब्दवेडी
झाडोऱ्याचं उत्तर राहिलं. तोडायचा की नाही?

दगडफूल
गवत आणि वेली हलक्या हाताने बाजूला धराव्यात, सोबतच्या माणसाने फोटोपुरत्या धरून ठेवाव्यात, मग सोडून द्याव्यात. तोडण्याचा निर्णय आपला नाही, दफनभूमी ज्यांची आहे त्यांचा. आणि झाड मुळासकट उपटू तर कधीच नये. कडुनिंबाची, पिंपळाची मुळं चौथऱ्याच्या दगडांत गुंतलेली असतात. झाड ओढलं की चौथरा सुटतो. काही ठिकाणी ज्या झाडाने कबर फोडली तेच आज तिला धरून उभं असतं.

मालदांडी
एक वेगळा मुद्दा. आमच्यात, लिंगायतांत, दहन नाही, पुरतात. मांडी घालून बसवून. आमच्या रुद्रभूमीतही जुन्या समाध्या आहेत, गवतात हरवलेल्या. हे वाचून वाटलं, आपल्या घरच्या पाच पिढ्या कुठे आहेत ते मला तरी कुठे नीट माहीत आहे? आजोबांना घेऊन जायला हवं, त्यांना जागा आठवतायत तोवर.

आणि सांजवारा, ट्रायपॉड नसेल तर माझ्या आयडीचा उपयोग करा. जुन्या चादरीच्या तुकड्याची पिशवी शिवून तीत अर्धा किलो ज्वारी भरायची. कॅमेरा त्यावर ठेवला की हलत नाही, हवा तसा तिरका बसतो. फक्त पिशवी कबरीवर ठेवू नका, आपल्याच पाठपिशवीवर किंवा उलट्या बादलीवर ठेवा.

तीनपायी
ज्वारीची पिशवी एक नंबर. मी परदेशी बनावटीची उशी विकत घेतली होती, तिच्यात प्लास्टिकचे मणी आहेत. आता ज्वारी.

सांजवारा, कॅमेऱ्याच्या दोन-चार गोष्टी राहिल्या. फ्लॅश बंद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, सगळ्यात खालची. बटण दाबताना हात हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. झूम फक्त भिंगाचा वापरा, डिजिटल झूम म्हणजे नुसतं ताणणं. आणि अधिक-उणे चिन्हाची सोय तुमच्या कॅमेऱ्यात नक्की असेल, ती शोधा. कॅमेऱ्याला सगळं जग करडं वाटतं. पांढरा संगमरवर समोर आला की तो फोटो अंधारतो, तिथे अधिक एक टप्पा. काळा पाषाण आला की उगाच उजळवतो, तिथे उणे एक. तुमचे काळे आणि पांढरे दोन्ही दगड करडे आले ते म्हणूनच.

शेवटची युक्ती, आणि हिला दहा रुपयेही लागत नाहीत. शिळा सावलीत असेल तर घरातला आरसा न्या, भिंतीवरचा, फूटभर रुंद असेल तो. सोबतच्याला उन्हात उभं करा आणि आरशातला कवडसा शिळेवर अगदी बाजूने, दगडाला घासून जाईल असा पाडायला सांगा. मग त्याला हळूहळू हात फिरवू द्या. एका कोनात अक्षरं अचानक उठतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच होतो.

वाटसरू
आरशाचं फारच सुरेख. वाचनखूण साठवली.

सांजवारा
मंडळी, महिन्याभराने परत लिहितेय. डिसेंबरच्या अखेरीस सासूबाईंना अक्कलकोटला न्यायचं होतं, म्हणून वाट वाकडी करून सोलापूरला एक दिवस थांबले.

या वेळी आधी फाटकाजवळच्या काकांना भेटले. चहा घेतला. मी कशासाठी आले ते सांगितलं, तर म्हणाले, "कोपऱ्यातल्या बारक्याचं वाचायचंय का? लई जण येऊन बघून जातात, कुणाला येत नाही." त्यांनी स्वतः काठी घेतली आणि पुढे चालत जमीन ठोकत आम्हाला नेलं. घोरपड यांचा सल्ला त्यांना न सांगताच ठाऊक होता.

बारा वाजून पाच मिनिटांनी शेवंतीताईंच्या पणजींच्या शिळेसमोर उभी होते. ताईंनी सांगितलं होतं तसंच, भिंतीपासून तिसरी ओळ, सीताफळाच्या झाडाजवळ. ऊन डावीकडून वरून आलं होतं आणि पाषाणावरची शिरोरेषा अशी उठली होती की जणू आत्ताच कुणी पेनाने ओढलीय. उणे एक टप्पा, दोन सेकंद टायमर, ज्वारीची पिशवी. पाच फोटो काढले. ताई, तुम्हाला पाठवले आहेत.

मग ती छोटी कबर. तिच्यावर कडुनिंबाची सावली होती, ऊन पोचतच नव्हतं. नणंदेच्या मुलाने न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून काढून आणला होता. तो पंधरा पावलं लांब उन्हात उभा राहिला आणि कवडसा फिरवायला लागला. कवडसा शिळेवर येतो, जातो, परत येतो. मी पुटपुटत होते, थोडं खाली, थोडं उजवीकडे. आणि एकदम अक्षरं आली. काका माझ्या मागे उभे होते, त्यांच्या तोंडून "आलं आलं" असं निघालं.

मराठी आहे. मला वाटत होतं इंग्रजी असेल. नाव लिहीत नाही, ताईंना विचारल्याशिवाय इथे टाकणं बरं वाटत नाही. नावाखाली आईबापांचं नाव, मग साल १८९९. शेवटच्या ओळीत "वय ७ महिने १२ दिवस".

बारा दिवस मोजलेत हो त्यांनी. सात महिने म्हणून सोडलं नाही.

फोटो काढताना आरसा धरलेल्या मुलाचा हात थरथरत होता, म्हणून पहिले तीन फोटो हलले. चौथा नीट आला. आठ मेगापिक्सेलमध्ये प्रत्येक काना-मात्रा दिसतेय.

दगडफूल
उत्तम. शिळा संगमरवरीच होती ना?

सांजवारा
संगमरवरीच. खालचा डावा कोपरा हात लावला तर पिठासारखा सुटतोय. हात लावला नाही, काकांनी दाखवलं.

शेवंती
फोटो मिळाले. आईला मोठे करून दाखवले. तिने चष्मा लावला, काढला, परत लावला, आणि पणजीच्या नावावर स्क्रीनवरच बोट फिरवलं.

त्या बाळाचं आडनाव वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हे घर आपल्या चर्चमध्ये होतं, पुढे सोलापूर सोडून गेलं. चर्चच्या जुन्या वहीत बघते. सापडलं तर त्यांच्यापैकी कुणी कुठे आहे का ते शोधेन, आणि नाव इथे लिहायचं की नाही ते त्यांनाच विचारू.

उतारा
ताई, वहीची पानं पाहताना तीही फोटोत घ्या. खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय. शाई फिकी असेल तर पान थोडं तिरकं धरा.

गिरणीचा भोंगा
१८९९. म्हणजे सोलापुरात आजोबांचे वडील गिरणीत लागले त्याच्या आसपासचं. शेवंतीताई, तुम्ही पुढच्या वर्षी स्मरणदिनाच्या आधीच्या रविवारी गवत काढायला जाल तेव्हा बाहेरच्या माणसाने आलेलं चालतं का? माझ्याकडे चांगला कोयता आहे.

शेवंती
चालतं काय, वाट बघू. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. बूट घालून या.

कडकभाकरी
मी पण येतो ओ ताई. शेंगापोळ्या माझ्याकडून. आन आरसा पण घेऊन येतो, आमच्या सलूनमधला मोठ्ठा.